मेनफ्रेमच्या ऑपरेटिंग सिस्टिम कशा तयार होत गेल्या? झेड/ओएस, एमव्हीएस, व्हीएम ही सगळी नावं कुठून आली?

तुम्ही लिहिलंय की इंजिनिअरिंग नाशिकला झालं, कंपनीने मेनफ्रेम (मोठ्या संस्थांचे भले मोठे कॉम्प्युटर) ट्रेनिंगला बसवलं आणि आता ही सगळी नावं ऐकून गोंधळ होतोय. मीही नाशिकचीच, कॉलेज रोडला राहते, घरूनच काम करते आणि बरीच वर्षं याच प्लॅटफॉर्मवर आहे, म्हणून जरा सविस्तर सांगते.

सुरुवातीला ऑपरेटिंग सिस्टिम हा प्रकारच नव्हता. 1950 च्या दशकात प्रोग्रामर आपला पंच कार्डांचा (ज्यांवर भोकं पाडून प्रोग्राम लिहिलेला असायचा) गठ्ठा घेऊन ठरलेल्या वेळी मशीनवर बसायचा, त्याचं झालं की दुसरा यायचा, आणि मधल्या वेळात एवढं महागडं मशीन नुसतं पडून. यावर जनरल मोटर्स आणि नॉर्थ अमेरिकन एव्हिएशन यांनी मिळून 1956 मध्ये आयबीएम 704 साठी जीएम-एनएए आय/ओ हा प्रोग्राम लिहिला, एक जॉब (मशीनला दिलेलं एक काम) संपला की तो पुढचा आपोआप उचलायचा. म्हणजे पहिलं पाऊल आयबीएमचं नाही, तिच्या गिऱ्हाइकांचं! पंचवटीतले गिरणीवाले कसे आधी सगळ्यांचे गव्हाचे डबे काढतात आणि मग ज्वारी-बाजरीला हात घालतात, तसे ऑपरेटर लोक फोरट्रान या भाषेतले जॉब एकत्र लावायचे, म्हणजे कंपायलर (प्रोग्राम मशीनच्या भाषेत बदलणारा प्रोग्राम) टेपवरून परत परत चढवायला नको. तुमची नाइट बॅच, म्हणजे रात्री एकामागून एक चालणारे जॉब, इथूनच आली.

मग 7 एप्रिल 1964 ला आयबीएमने सिस्टिम/360 हे मेनफ्रेमचं घराणं जाहीर केलं. लहान-मोठ्या मशीनवर तोच प्रोग्राम चालेल हे वचन होतं, पण त्यासाठीची ओएस/360 काही वेळेवर होईना, फ्रेड ब्रूक्स यांच्या हाताखाली हजारावर माणसं लागली तरी उशीर झालाच. लहान मशीनसाठी डॉस/360 वेगळी काढावी लागली (पीसीवरच्या डॉसशी तिचा काही संबंध नाही). ओएस/360 च्या तीन आवृत्त्या होत्या: पीसीपी एका वेळी एकच जॉब चालवायची, एमएफटीत मेमरीचे ठरावीक भाग पाडलेले, एमव्हीटीत ते गरजेप्रमाणे बदलायचे. त्यातूनच पुढे 1974 ला एमव्हीएस (मल्टिपल व्हर्च्युअल स्टोरेज) आली, प्रत्येक जॉबला मेमरीची स्वतःची स्वतंत्र जागा, म्हणजे 16 एमबीची (24 बिटच्या पत्त्यांत मावेल एवढी) अ‍ॅड्रेस स्पेस.

पण सगळं श्रेय आयबीएमला देऊ नका, मला हे मनापासून खटकतं. व्हर्च्युअल मेमरी (असलेल्यापेक्षा जास्त मेमरी असल्याचा प्रोग्रामला होणारा भास) मँचेस्टर युनिव्हर्सिटीच्या अ‍ॅटलसवर 1962 लाच होती, आणि बरोज कंपनीची एमसीपी ही ऑपरेटिंग सिस्टिम तेव्हाच हाय लेव्हल लँग्वेजमध्ये लिहिलेली होती, जेव्हा बाकी सगळे असेम्ब्लीत, म्हणजे मशीनच्या जवळच्या किचकट भाषेतच होते.

आता माझा सगळ्यात आवडता भाग, व्हीएम, म्हणजे व्हर्च्युअल मशीन. एमआयटीने मल्टिक्स या टाइम शेअरिंगच्या (एकच मशीन अनेकांनी एकाच वेळी वापरायचं) सिस्टिमसाठी आयबीएमला डावलून जीईचं (जनरल इलेक्ट्रिक) मशीन घेतलं, कारण साध्या 360 मध्ये अ‍ॅड्रेस ट्रान्सलेशनच (प्रोग्राममधला पत्ता खऱ्या मेमरीतल्या पत्त्यात बदलण्याची सोय) नव्हतं. मग आयबीएमने टाइम शेअरिंगसाठी टीएसएस/360 वर भरपूर जोर लावला आणि ती रखडली. त्याच वेळी अमेरिकेतल्या केंब्रिजमधल्या आयबीएमच्याच एका छोट्या टीमने, रॉबर्ट क्रीझी वगैरे मंडळींनी, वेगळाच विचार केला: एक मशीन सगळ्यांनी वाटून घेण्यापेक्षा प्रत्येकाला अख्खं मशीन मिळाल्याचा भासच देऊ. आधी सीपी-40, मग सीपी-67, आणि 1972 ला व्हीएम/370 हे अधिकृत प्रॉडक्ट. आज क्लाउडवर व्हर्च्युअल मशीन घेतो त्यामागची कल्पना हीच. कंपनीची अधिकृत योजना बारगळली आणि कोपऱ्यातल्या टीमचं काम टिकलं, मला तरी या सगळ्या इतिहासात यापेक्षा भारी काही वाटत नाही.

आपल्याकडेही हे वारं आलं होतं, आयआयटी मुंबईत 1970 च्या दशकात सोव्हिएत बनावटीचं ईसी-1030 होतं, ते 360 च्याच धर्तीवरचं.

पुढचं पटकन सांगते: 1983 ला एमव्हीएस/एक्सए आणि 31 बिटचे पत्ते (म्हणजे जास्त मेमरी), मग एमव्हीएस/ईएसए, 1995 ला ओएस/390, 2000 ला झेड/ओएस आणि 64 बिट. नावं बदलली, घराणं तेच. जेसीएलची (जॉब कसा चालवायचा ते सांगणारी भाषा) ओळ आजही 80 कॉलमांची असते ती पंच कार्डामुळे, आणि 24 बिटचे जुने प्रोग्राम अजून चालतात.

ट्रेनिंग चालू असताना एक नक्की करा, हर्क्युलीस नावाचा फुकट इम्युलेटर (मेनफ्रेमची नक्कल करणारा प्रोग्राम) लॅपटॉपवर टाका आणि त्यावर एमव्हीएस 3.8 चढवून साधा आयईबीजेनरचा (फाइल कॉपी करणाऱ्या प्रोग्रामचा) जॉब सबमिट करून बघा, अबेंड झाला (जॉब मध्येच बंद पडला) तर मेसेज इथे कमेंटमध्ये टाका, मी बघते.