‘हॅड’ एकदा की दोनदा?

प्रश्न असा आला आहे : ‘शी हॅड रिटन अ लेटर अँड टोर्न इट अप’ या वाक्यात ‘टोर्न’च्या आधी ‘हॅड’ का नाही? आणि तिथे ‘शी’ पुन्हा घातलं तर चालेल का?

‘हॅड’ तिथे आहे, फक्त पुन्हा उच्चारलेलं नाही. ‘टोर्न’ हे ‘टेअर’चं तिसरं रूप. तिसऱ्या रूपाला वाक्यात एकट्याने उभं राहता येत नाही, त्याला सहायक क्रियापदाचा हात धरावा लागतो. इथे त्याने ‘रिटन’च्या आधीच्या ‘हॅड’चाच हात धरला आहे. कर्ता एकच, काळ एकच, म्हणून ‘शी हॅड’ हे एकदाच म्हटलं आणि ते दोन्ही क्रियापदांना पुरलं.

दुसरा भाग मला जास्त महत्त्वाचा वाटतो, कारण आपल्या चुका तिथेच होतात. ‘अँड’नंतर ‘शी’ पुन्हा आलं की नवं वाक्य सुरू होतं आणि आधीचं ‘हॅड’ त्या ‘शी’च्या पलीकडे पोचत नाही. ‘शी हॅड रिटन अ लेटर अँड शी टोर्न इट अप’ हे प्रमाण इंग्रजीत चूकच. ‘शी’ घ्यायचं तर ‘हॅड’ही घ्यावं लागतं : ‘अँड शी हॅड टोर्न इट अप’. नाहीतर दोन्ही सोडावी लागतात. सर्वनाम ठेवून ‘हॅड’ गाळायची सोय नाही.

‘शी हॅड रिटन अ लेटर, बट शी टोअर इट अप’ हे वाक्य मात्र बरोबर आहे, पण त्याचा अर्थ वेगळा होतो. ‘टोअर’ हे दुसरं रूप, म्हणजे साधा भूतकाळ. पत्र आधी कधीतरी लिहून झालेलं होतं आणि फाडणं आत्ता, कथेच्या चालू क्षणी घडलं. मूळ वाक्यात लिहिणं आणि फाडणं दोन्ही त्या क्षणाच्या आधीच उरकलेलं आहे. आपण खोलीत शिरतो तेव्हा तिथे फक्त कपटे आहेत.

‘टोअर’ आणि ‘टोर्न’ वेगळी दिसतात म्हणून इथे निदान चूक डोळ्यांना सापडते. ज्या क्रियापदांची दुसरी आणि तिसरी रूपं सारखीच असतात, तिथे खरी पंचाईत होते. ‘शी हॅड क्लोज्ड द विंडो अँड स्विच्ड ऑफ द लाइट’ हे वाचताना आपण ‘हॅड स्विच्ड’ असंच समजतो : दिवा आधीच मालवलेला. आता मध्ये एक ‘शी’ घालून पाहा : ‘शी हॅड क्लोज्ड द विंडो अँड शी स्विच्ड ऑफ द लाइट’. व्याकरणाने काहीही बिघडलं नाही, तपासणाऱ्याच्या लाल पेनालाही काही सापडणार नाही. पण ‘स्विच्ड’ आता साधा भूतकाळ झाला, दिवा आपल्या डोळ्यांदेखत मालवला गेला. एवढ्याशा सर्वनामाने घटनांचा क्रम बदलला. इंग्रजीत लिहिणाऱ्या मराठी माणसाने ही जागा मनापासून समजून घ्यावी असं मला वाटतं, कारण इथे चूक दिसत नाही आणि अर्थ मात्र निसटतो.

आपल्याला ते ‘शी’ घालावंसं का वाटतं? उत्तर मराठीच्या घडणीत आहे. ‘ती घरी आली होती आणि तिने पत्र फाडलं होतं’ हे वाक्य घ्या. ‘येणं’ अकर्मक, म्हणून कर्ता ‘ती’. ‘फाडणं’ सकर्मक, म्हणून भूतकाळात तोच कर्ता ‘तिने’ होतो. सहायक क्रियापदही बदलतं : ‘आली’बरोबर ‘होती’, कारण ते कर्त्याकडे पाहतं, आणि ‘फाडलं’बरोबर ‘होतं’, कारण ते पत्राकडे पाहतं. एकाच बाईच्या दोन क्रिया, पण सर्वनामाची रूपं दोन आणि सहायकाचीही दोन. दोन्ही वेगळी म्हणायची सवय कानाला झालेली असते. इंग्रजीत यातलं काहीच नाही. ‘आय’, ‘ही’, ‘शी’, ‘इट’, ‘वी’, ‘दे’ सगळ्यांना ‘हॅड’ एकच. वर्तमानातला ‘हॅव’ आणि ‘हॅज’चा भेदसुद्धा इथे नाही, जुन्या इंग्रजी लेखनात ‘दाऊ’बरोबर ‘हॅडस्ट’ येई, तेवढा अपवाद.

क्रिया दोन्ही सकर्मक असल्या तर मराठीही काटकसर करते, पण उलट्या दिशेने : ‘तिने पत्र लिहिलं आणि फाडलंही होतं’. आपलं ‘होतं’ शेवटी येऊन मागे पाहतं, इंग्रजीचं ‘हॅड’ सुरुवातीला येऊन पुढे. शिवाय आपल्याकडे ‘-ऊन’ आहे. ‘घरी येऊन तिने पत्र फाडलं होतं’ म्हटलं की जोडणीचा प्रश्नच मिटतो. माझ्या मते ही मराठीची फार सुंदर सोय आहे, आणि अशी वाक्यं इंग्रजीत नेताना ‘शी हॅड कम होम अँड टोर्न अप द लेटर’ हा साचा सर्वांत जवळचा.

जाता जाता एक सावधगिरी. ‘मी काल तिला भेटलो होतो’ याला आपण पूर्ण भूतकाळ म्हणतो आणि ‘हॅड’ व तिसरं रूप मिळून होणाऱ्या इंग्रजी पास्ट परफेक्टलाही पूर्ण भूतकाळच म्हणतो. नाव एक असलं तरी काम एक नाही. नुसत्या कालच्या भेटीसाठी इंग्रजीत ‘आय मेट हर यस्टर्डे’ पुरे. ‘हॅड’ला ज्याच्या आधीचं सांगायचं असा भूतकाळातला दुसरा एखादा क्षण लागतो, मग तो त्याच वाक्यात असो वा आधीच्या.

सर्वनामाला चिकटलेलं आखूड ‘हॅड’ही लक्षात ठेवावं. ‘शी’ड रिटन’ यातला ‘ड’ म्हणजे ‘हॅड’, आणि ‘शी’ड राइट’ यातला ‘वुड’. पुढचं क्रियापद तिसऱ्या रूपात आहे की मूळ रूपात, यावर ते ठरतं. जोडवाक्यात हा ‘ड’सुद्धा पूर्ण ‘हॅड’इतकाच पुढे पोचतो : ‘शी’ड रिटन अ लेटर अँड टोर्न इट अप’. पण ‘कम’, ‘रन’, ‘पुट’ यांचं मूळ रूप आणि तिसरं रूप एकच. त्यामुळे नुसतं ‘ही’ड कम’ ऐकून तो आला होता की आला असता, हे सांगता येत नाही. पुढे क्रियापद जोडलेलं असेल तर ते साक्ष देतं : ‘ही’ड कम अँड गॉन’ म्हणजे तो येऊन गेला होता, ‘ही’ड कम अँड गो’ म्हणजे तो येई नि जाई.