शाळा शारजात, सुट्टी सावंतवाडीत

आखाती देशांतील भारतीय शाळांत शिकवणारे मराठी शिक्षक आणि त्यांच्या घरची माणसे यांची पत्रे या स्तंभाकडे नेहमी येतात, आणि जून जवळ आला की त्यांत सुट्टीचाच विषय असतो. ओमानमधील एका भारतीय शाळेत मी बरीच वर्षे शिकवले असल्यामुळे या पत्रांतील अडचणी मला जवळून ठाऊक आहेत. त्यांतील तीन पत्रांना येथे उत्तर देत आहे.

प्रश्न : आदरणीय ताई, मी शारजातील एका सीबीएसई शाळेत चौथीच्या वर्गाला शिकवते. आमची शाळा जुलैच्या आरंभी बंद होते आणि ऑगस्टच्या अखेरीस उघडते. सासर सावंतवाडीजवळच्या गावी आणि माहेर नाशिकला आहे. यजमानांना दोनच आठवड्यांची रजा मिळते. दरवर्षी सासर, माहेर, पुण्याच्या नणंदबाई आणि मुंबईची मावशी अशी धावाधाव होते. कोणाकडेच नीट राहणे होत नाही आणि सगळेच नाराज होतात. आम्ही पोहोचतो तेव्हा मुलांच्या भावंडांच्या शाळा सुरू झालेल्या असतात, त्यामुळे मुलेही कंटाळतात. गणपती तर कधीच मिळत नाहीत. काय करावे?
— एक शिक्षिका, शारजा

उत्तर : ताई, तुमच्या पत्रातील पाहुणचाराची यादी वाचली आणि सर्वांत आधी हे सांगावेसे वाटले की, सुट्टीचे समान वाटप करण्याचा प्रयत्न सोडून द्या. पहिल्या सत्राच्या चाचण्या, गुणपत्रके, पालकसभा आणि बाहेर ४५ अंशांच्या आसपास गेलेला पारा यांतून बाहेर पडून शिक्षिका विमानात बसते, तेव्हा ती पुरती थकलेली असते. अशा अवस्थेत चार शहरांत चार-चार दिवस बॅगा उघडायच्या आणि भरायच्या, यात ना तुम्हाला विश्रांती मिळते, ना भेटणाऱ्यांना तुम्ही मिळता. घरे दोनच धरा, सासर आणि माहेर, आणि दोन्हीकडे सलग राहा. यजमानांची दोन आठवड्यांची रजा सावंतवाडीला खर्ची पडू द्या, कारण आपल्या आईवडिलांजवळ राहण्याची त्यांची वर्षभरातील संधी तेवढीच आहे. नणंदबाईंना आणि मावशींना एखाद्या शनिवार-रविवारी तिथेच बोलवा. त्यांना आधी वाईट वाटेल, पण एकदा येऊन गेल्यावर त्याच पुढच्या वर्षी तारीख विचारतील.

प्रवासाची आखणी मात्र मे महिन्यातच करावी लागेल. नोव्हेंबर २०२४ पासून रेल्वेचे आगाऊ आरक्षण १२० ऐवजी ६० दिवस आधी उघडते, आणि पावसाळ्यात कोकण रेल्वे स्वतंत्र वेळापत्रकाने, कमी वेगाने धावते. मुंबईला उतरून त्याच दिवशीची गाडी धरण्याचा हट्ट करू नये. मध्ये एक रात्र ठेवावी. २०२३ पासून उत्तर गोव्यातील मोपाचा विमानतळ सुरू झाला आहे आणि तो सावंतवाडीहून जवळ पडतो. लहान मुले आणि भरलेल्या बॅगा असताना, भाड्यातला फरक परवडण्याजोगा असेल तर, मी मोपालाच पसंती देईन.

आता मुलांचा कंटाळा. महाराष्ट्रात बहुतेक शाळा जूनच्या मध्याला सुरू होतात, त्यामुळे आंबे, भावंडे आणि अंगणातला दिवसभराचा खेळ हा मे महिना तुमच्या मुलांच्या वाट्याला यायचा नाही. मात्र त्याबद्दल मुलांसमोर हळहळत बसू नये, कारण जुलैचा सिंधुदुर्ग काही रिकामा नसतो. शेतात भाताची लावणी चालू असते. मुलांना एक दिवस गुडघाभर चिखलात उतरू द्या, रोपांची मूठ हातात धरून ती किती अंतरावर खोवायची हे घरच्या गड्याकडून शिकू द्या. सासूबाईंनी मे महिन्यात फणसाच्या आठळ्या लाल मातीत घोळून ठेवलेल्या असतील, त्या घालून केलेली टायकळ्याची भाजी मुलांनी स्वतः पाला खुडून आणली तर पानातून मागे सारणार नाहीत. गावच्या शाळेच्या मुख्याध्यापकांना भेटून चुलत भावंडांबरोबर आठवडाभर वर्गात बसू देण्याची विनंती करा. तुम्ही स्वतः शिक्षिका आहात, तेव्हा त्या बदल्यात वर्गाला एक-दोन तास इंग्रजी किंवा गणित शिकवायची तयारी दाखवा. छोट्या शाळांत अशा पाहुण्यांचे स्वागत होते, हा माझा अनुभव आहे. शारजात तुमची मुले शाळेत अरबी शिकतात, मराठी मात्र घरापुरतीच उरते. एका बाकावर बसून मोठ्याने धडा वाचण्याने ती जितकी पक्की होईल तितकी आपल्या सांगण्याने होत नाही. परतल्यावर बालभारतीची पुस्तके संकेतस्थळावर विनामूल्य मिळतात, त्यांतून तोच धडा पुढे चालू ठेवता येईल.

गणपतीचे दुःख कोकणातल्या माणसाला मी काय सांगावे! २०२४ मध्ये चतुर्थी ७ सप्टेंबरला होती, २०२५ मध्ये २७ ऑगस्टला. दोन्ही वेळा तुमच्या शाळा नुकत्याच उघडलेल्या होत्या. शाळा उघडण्याच्या आठवड्यात वर्गशिक्षिकेने रजा मागू नये, असे माझे स्पष्ट मत आहे, कारण त्याच दिवसांत मुलांची घडी बसत असते. पण गणपतीची तयारी सुट्टीतच सुरू होते, ती आपल्या हाती घ्या. श्रावणात घरचा पाट गणपतीच्या शाळेत, म्हणजे मूर्तिकाराच्या कारखान्यात, नेऊन देण्याचे काम आजोबांच्या जोडीने मुलांकडे सोपवा. मूर्तिकार ओल्या मातीतून सोंड कशी वळवतो, हे मुलांनी तिथे बसून पाहिले, तर चतुर्थीला मोबाइलवर आरती पाहताना ती मूर्ती त्यांच्या ओळखीची असेल.

प्रश्न : सप्रेम नमस्कार. माझी एकुलती एक मुलगी दुबईत गणित शिकवते आणि जावई तिथेच नोकरी करतात. मी आणि पत्नी वाईला राहतो. गेल्या हिवाळ्यात पत्नीच्या छातीत दुखू लागल्याने दोन दिवस रुग्णालयात ठेवावे लागले. मुलीच्या परीक्षा चालू होत्या, म्हणून तिला कळवले नाही. जुलैत ती आली तेव्हा कागद तिच्या हाती लागले आणि ती फार रडली. माझ्या मोतीबिंदूचे ऑपरेशनही मी तिच्या सुट्टीसाठी पुढे ढकलत आहे. आमचे काही चुकते आहे का?
— एक निवृत्त शिक्षक, वाई

उत्तर : गुरुजी, आपण मुलीला त्रास होऊ नये म्हणून गप्प राहिलात, हे मी समजू शकते, पण छातीत दुखणे लपवणे योग्य नव्हते, आणि पुढे कधीही लपवू नये, असे मी आपल्याला कळकळीने सांगते. ती आता प्रत्येक फोननंतर, ‘बाबा काही सांगायचे टाळत तर नाहीत ना,’ असा विचार करत राहील आणि आपण ‘सगळे ठीक आहे’ म्हणालात तरी तिचा विश्वास बसणार नाही. परदेशात वर्गात उभे राहणाऱ्या माणसाला घरच्या बऱ्या-वाईटाची खरी बातमी वेळेवर मिळते एवढाच आधार असतो, आणि त्या आधारावरच ते मन लावून शिकवू शकते. परीक्षा चालू असली तरी मुलीला येता येते की नाही, हे तिला ठरवू द्यावे. मुंबईपासून दुबई साधारण तीन तासांच्या उड्डाणावर आहे, आणि आईच्या आजारपणासाठी रजा मागणाऱ्या शिक्षिकेला समजून घेणारे सहकारी सगळीकडे भेटतात.

मोतीबिंदूची गोष्ट निराळी आहे. डॉक्टरांनी थांबायला हरकत नाही असे सांगितले असेल, तर ती सुट्टीपर्यंत ठेवण्यात गैर नाही. मात्र ऑपरेशन सुट्टीच्या पहिल्या आठवड्यातच करून घ्यावे. पुढे काही आठवडे डोळ्यांत औषधाचे थेंब वेळेवर घालावे लागतात आणि तपासणीलाही जावे लागते. ते सगळे मुलगी इथे असतानाच आटोपेल. आम्ही ऑगस्टच्या मध्यावर असली कामे ठरवणारी घरे पाहिली आहेत, आणि मग विमानाच्या आदल्या रात्रीपर्यंत कोणालाच चैन नसते.

आपण तिला आणखी एक काम सांगावे. निवृत्तिवेतनासाठी नोव्हेंबरमध्ये द्यायचा हयातीचा दाखला आता मोबाइलवर चेहरा ओळखण्याच्या सोयीने घरबसल्या देता येतो. ती सोय तिने जुलैतच आपल्या मोबाइलवर करून द्यावी आणि एकदा आपल्या हातून करवून घ्यावी. तपासण्यांचे कागद, औषधांची नावे आणि डॉक्टरांचा क्रमांक एका वहीत लिहून त्या पानांची छायाचित्रे तिच्याजवळ असू द्यावीत. शेजारी किंवा आप्तांपैकी एक विश्वासू माणूस असा ठरवावा, जो आपल्याला न विचारताही तिला फोन करू शकेल. सुट्टीतला बाकीचा वेळ मात्र तिला स्वयंपाकघरात आईशेजारी नुसते बसून राहू द्या.

प्रश्न : ताई, मी अबू धाबीत विज्ञान शिकवतो. वडील गेल्यानंतर जळगाव जिल्ह्यातील शेतीच्या सातबाऱ्यावर अजून आम्हा भावंडांची नावे लागलेली नाहीत. शेजारची दोन एकर जमीन विकाऊ आहे, ती घ्यावी असेही मनात आहे. सुट्टीत हे सगळे होईल का?
— एक वाचक, अबू धाबी

उत्तर : वारस नोंदीचे काम पहिले करा आणि गावी पोहोचल्याच्या आठवड्यातच तलाठी कार्यालयात अर्ज द्या, कारण फेरफार, म्हणजे नावबदलाची नोंद, मंजूर होण्यापूर्वी हरकतींसाठी नोटिशीची मुदत जाऊ द्यावी लागते. वारसाहक्काने आलेली शेती अनिवासी भारतीयाला आपल्या नावावर ठेवता येते. शेजारची जमीन मात्र तुम्ही विकत घेऊ शकत नाही. अनिवासी भारतीयाला शेतजमीन, मळा किंवा फार्महाऊस खरेदी करण्याची परवानगी नाही. भावाच्या नावाने घेऊन पैसे आपण घालायचे, असा सल्ला गावात कोणी ना कोणी देईलच. तो ऐकू नका, त्यातून भावाभावांत वितुष्ट आलेले मी पाहिले आहे.

पुढच्या कामांसाठी भावाला मुखत्यारपत्र द्यायचे असेल, तर ते इथे असतानाच दुय्यम निबंधकांसमोर करून द्या. तेच परदेशात केले, तर भारतीय वकिलातीत साक्षांकित करून घ्यावे लागते आणि इथे पोहोचल्यावर तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरावे लागते. ते लिहिताना सरसकट अधिकार न देता, कोणत्या गट क्रमांकाच्या जमिनीच्या कोणत्या कामासाठी दिले आहे हे नमूद करा, आणि सही करण्यापूर्वी मसुदा बहिणींनाही वाचायला द्या.