घरच्या घरी सुट्टी: वाचकांचे प्रश्न

प्रश्न: यंदा बाहेरगावी जाण्याइतके पैसे नाहीत, म्हणून चार दिवसांची सुट्टी घरीच घालवायची आहे. गेल्या वेळी हेच ठरवलं होतं, पण ते दिवस कपडे धुण्यात आणि कपाटं आवरण्यात गेले. या वेळी काय करावं?

प्रवासाला निघताना आपण दाराला कुलूप लावतो आणि कामं आत राहतात. घरी तो क्षण येत नाही, तो ठरवून आणावा लागतो. सुट्टी कधी सुरू होणार आणि कधी संपणार, हे तासासकट कागदावर लिहून भिंतीला लावा. आधीचे 2 दिवस प्रवासाच्या तयारीसारखे वापरा: कपडे धुऊन घड्या घाला, बिलं भरा, किराणा आणि औषधं आणून ठेवा. इस्त्रीचा ढीग, दुरुस्तीच्या वस्तू खोक्यात भरून नजरेआड करा. ढीग दिसला की हात तिकडे जातोच.

बेत सर्वांत जास्त फसतो तो स्वयंपाकघरात. जी व्यक्ती दिवसातून तीनदा ओट्यापाशी उभी राहते, तिची सुट्टी झालीच नाही, आणि मग ती घराची सुट्टी म्हणता येणार नाही. दिवसातून एकदाच नीट शिजवा, दुसऱ्या जेवणाला न शिजवता होणारं काही ठेवा. पाळ्या आधीच लिहा. ज्याने शिजवलं त्याने भांडी घासायची नाहीत, हा नियम मात्र मोडू नका. निवडणं, वाढणं, पुसणं लहान मुलांनाही जमतं.

दिवसाला एकच ठरलेला कार्यक्रम पुरे, बाकी वेळ मोकळा सोडा. खर्चाची रक्कम पहिल्या दिवशीच पाकिटात घालून ठेवा. घरच्या सुट्टीत पैसे जातात ते बहुधा कंटाळ्यापोटी बाहेरून काहीतरी मागवण्यात.

प्रश्न: मुलं 6 आणि 11 वर्षांची आहेत. दुसऱ्याच दिवशी मोबाइल मागायला लागतात. काही विकत न आणता त्यांना कशात रमवावं?

सावल्यांचं नाटक करून पाहा. दाराच्या चौकटीत पांढरी चादर ताणून बांधा. सुरकुती राहिली की चित्र वाकडं दिसतं. चादरीमागे 5-6 फुटांवर एकच छोटा बल्ब किंवा मोबाइलचा टॉर्च ठेवा. ट्यूबलाइट चालत नाही: लांबट दिव्याच्या प्रत्येक भागातून थोड्या वेगळ्या जागी सावली पडते आणि कडा पुसट होतात. पुठ्ठ्याची चित्रं कापून काडीला चिकटवा. चित्र चादरीला टेकवलं की कडा रेखीव येतात, दिव्याकडे नेलं की सावली मोठी होते पण विरते. राक्षस अचानक वाढवायचा असेल तर हेच वापरा.

मोठ्याकडे गोष्ट आणि संवाद द्या, धाकट्याला गोल टोकाची कात्री. तयारीत अख्खा दिवस गेला तरी घाई करू नका; मुलांचा खरा खेळ तयारीतच असतो. प्रयोग रात्री, सगळे दिवे घालवून.

प्रश्न: एक रात्र गच्चीवर झोपायचा विचार आहे. तारे नीट दिसण्यासाठी काय करावं?

अमावास्येच्या आसपासची रात्र निवडा. डोळे अंधाराला सरावायला 20 ते 30 मिनिटं लागतात, आणि मध्येच कुणी मोबाइल पाहिला की पुन्हा वाट पाहावी लागते. टॉर्चच्या काचेवर लाल पारदर्शक कागद बांधा. मंद लाल उजेडाने डोळ्यांची सवय फारशी मोडत नाही. ढग नसतील तर 12-13 ऑगस्टच्या सुमारास ययाती तारकासमूहाचा आणि 13-14 डिसेंबरच्या सुमारास मिथुन तारकासमूहाचा उल्कावर्षाव असतो. दुर्बीण नको, तिच्यातून आकाशाचा अगदी छोटा तुकडा दिसतो. उताणं पडून राहा.

झोपण्यापूर्वी अंथरुणाच्या वर छतासारखी दोरीने चादर ताणा. उघड्या आकाशाखाली अंथरुणाची उष्णता वर निघून जाते, ते गार पडतं आणि पहाटे दवाने ओलं होतं. गच्चीला पुरेसा उंच कठडा नसेल तर मुलांना तिथे झोपवू नका, खिडकीशी गादी टाका.