०, १, २, ५, ७ पासून चार अंकी संख्या किती? १२० की ९६?

तुमचा प्रश्न असा की हे पाच अंक एकेकदाच वापरून चार अंकी संख्या किती होतील, तुमचं उत्तर १२० येतंय आणि पुस्तकात ९६ दिलंय. पुस्तक बरोबर आहे.

तुम्ही ५ × ४ × ३ × २ केलं असणार. त्यात ०१२५, ०७५२ असलेही मोजले गेले, आणि ०१२५ म्हणजे १२५च ना, ती तीन अंकी झाली. शून्य पुढे असलेल्या अशा ४ × ३ × २ = २४ निघतात, १२० मधून त्या काढल्या की ९६.

मी परळला पोलीस भरतीच्या मुलांना गणित शिकवतो, तिथे वजाबाकीपेक्षा दुसरी पद्धत सांगतो. कागदावर चार घरं काढा आणि ज्या घराला अट आहे ते सगळ्यात आधी भरा. हजारच्या घरात शून्य चालत नाही म्हणून ४ पर्याय. शतकाला आता शून्य चालतो पण एक अंक वापरून झालाय म्हणून परत ४, मग दशकाला ३, एककाला २. झाले ९६. खात्री वाटत नसेल तर ०, १, २ घेऊन तीन अंकी संख्या हाताने लिहून बघा, १०२, १२०, २०१, २१०, बस चारच, आणि २ × २ × १ पण चारच.

आणि प्रश्नात नक्की काय मागितलंय ते बघा हं. ताडदेव आरटीओच्या एमएच ०१ च्या गाडीवर ०१२५ नंबर आरामात असतो, एटीएमचा पिनपण शून्याने सुरू होऊ शकतो, तिथे कोणी विचारलं तर १२०च बरोबर. अंक परत वापरायची परवानगी असेल तर ४ × ५ × ५ × ५ = ५००.

खरी गंमत सम संख्या विचारल्या की येते, कारण आता दोन घरांना अट आहे आणि दोन्हीकडे शून्य मध्ये येतो. एककात ० किंवा २च हवा, मग दोन केस वेगळ्या करायच्याच. एककात ० ठेवला तर पुढची काळजीच संपली, ४ × ३ × २ = २४. एककात २ ठेवला तर हजारला १, ५, ७ यातला एक म्हणजे ३, मग शतकाला शून्य धरून ३, दशकाला २, झाले १८. एकूण ४२. बरीच मुलं इथे दोन्ही केस एकत्र करून २ × ४ × ३ × २ = ४८ लिहून येतात, आणि ऑप्शनमध्ये ४८ असतोच! ५ ने भाग जाणाऱ्या संख्या विचारल्या तरी हाच हिशोब, २ च्या जागी ५, उत्तर परत ४२.

अंकच रिपीट झालेले असतील तर दादर पूर्वचा पिनकोड घ्या, ४०००१४. त्यात ० तीनदा, ४ दोनदा आणि १ एकदा. सहा घरांत ६! म्हणजे ६ × ५ × ४ × ३ × २ × १ = ७२०, पण तीन शून्यांची आपापसात अदलाबदल केली तर संख्या बदलत नाही म्हणून ३! ने भागा, दोन चारसाठी २! ने, आले ६०. त्यात शून्य पुढे असलेल्या ५! भागिले २! आणि २!, म्हणजे ३०. त्या गेल्या की उरतात ३० सहा अंकी संख्या.