पेंटबॉल फुटायला नेमकं किती बल लागतं आणि ते घरी कसं मोजायचं?

पेंटबॉल म्हणजे खेळात गनमधून एकमेकांवर मारायचा, रंगाने भरलेला गोळा. त्यासाठी न्यूटनमधला एकच आकडा मिळणार नाही. जो छातीठोकपणे सांगतो त्याने गोळा हाताळलेला नाही. कवच जिलेटिनचं असतं आणि ते हवेतला ओलावा शोषतं. नाशिकच्या कोरड्या थंडीत ठिसूळ होऊन ते गनच्या नळीतच फुटतं. जुलैत पावसाची झड लागली की तोच गोळा फुगतो, बोटाने दाबला तर खळगा पडतो आणि अंगावर आपटून उसळतो.

यावरूनच माझं भागीदाराशी फाटलं. त्र्यंबक रोडला आमचं छोटं मैदान होतं. पावसाळ्यात गिऱ्हाइकं ओरडू लागली, "लागतंय जोरात, पण रंगच येत नाही!" भागीदार लगेच एलन की (षटकोनी पाना) घेऊन गनचा वेग वाढवायला बसला. मी की काढून घेतली. सेकंदाला 300 फूट ही मैदानावरची हद्द, ती का ओलांडायची? 3 ग्रॅमच्या गोळ्यात त्या वेगाला साधारण 12 ज्यूल ऊर्जा असते. 2 मीटरवरून फरशीवर सोडला तर जेमतेम 0.06 ज्यूल, आणि चांगला गोळा तेवढ्यानेही एकदोन टप्प्यांत फुटतो. दोनशेपट ऊर्जा असून फुटत नसेल तर दोष वेगाचा कसा? कवच नरमलंय. वेग 10 टक्के वाढवला की ऊर्जा 21 टक्के वाढते, आणि ती कुणाच्या तरी पोराच्या मानेवर बसते. "तुझं एमआयडीसीतलं लॅबचं ज्ञान इथे नको," म्हणाला. मी आजही माझ्याच म्हणण्यावर आहे.

आता मोजायचं. वजनकाट्यावर हळूहळू दाबून आलेला आकडा आघाताचा नव्हे. लोड सेलला (वजनकाट्यातला बल मोजणारा सेन्सर) एचएक्स711 ही त्याचं वाचन आकड्यात बदलणारी चिप जोडून बसू नका. सेकंदाला फार तर 80 वाचनं, म्हणजे दोन वाचनांत 12.5 मिलिसेकंद, तेवढ्यात टक्कर होऊन गेलेली असते. खरं बल हवं तर पिझो सेन्सर (दाबाने वीज निर्माण करणारा) आणि तिचा झटपट बदलणारा आलेख दाखवणारा ऑसिलोस्कोप लागेल. नाहीतर सरळ उंची मोजा: दर वेळी नवा गोळा, तीच कडक फरशी, आणि निम्मे गोळे पहिल्याच टप्प्यात फुटतात ती उंची. कवचाच्या जोडाची शिवण कुठल्या बाजूला आपटली तेही लिहून ठेवा. यातून ऊर्जा कळते, बल नव्हे. फरशीवरचा आकडा खेळाडूच्या मऊ जर्किनवर चालणार नाही. आणि फुटल्यावर फरशी भयंकर निसरडी होते, पोरांना लांब ठेवा.

गोळे हवाबंद डब्यात ठेवा. कुणी वेग वाढवू म्हणालं, तर आधी त्याच डब्यातला गोळा त्याला 2 मीटरवरून टाकून दाखवायला सांगा.