दिवसभर उभ्याने काम करून पोटऱ्या, टाचा आणि कंबर दुखते. सवय होईल का?

तुम्ही लिहिलंय की ऑफिसात खाली-वर होणारी टेबलं आली, बसून राहणं वाईट म्हणून तुम्ही पूर्ण वेळ उभ्यानेच काम करू लागलात आणि आता संध्याकाळी पोटऱ्या भरून येतात, टाचा ठणकतात, कंबर धरते. सवय होईल का, असा तुमचा प्रश्न आहे. नाही होणार, आणि कृपया व्हायची वाट बघू नका. मी डोंबिवलीत फिजिओथेरपिस्ट आहे. हीच तक्रार घेऊन येणारी ऑफिसातली माणसं आता वरचेवर भेटतात.

त्रास होतो तो न हलता उभं राहिल्याने. पायातलं रक्त वर ढकलायचं काम पोटरीचे स्नायू करतात, पण ते आवळले आणि सैल झाले तरच. चालताना घोट्याजवळच्या शिरांतला दाब पाऱ्याच्या साधारण 20 ते 30 मिलिमीटरपर्यंत उतरतो. एका जागी उभं राहिलं की तोच 80-90 पर्यंत चढतो. मग शिरांतलं पाणी आजूबाजूला झिरपतं, पाय जड होतात, मोज्याचा वळ उठतो. कंबरेचे स्नायू तर तोल सांभाळत तासन् तास ताणलेले असतात, आणि ताणलेल्या स्नायूत रक्त नीट खेळत नाही.

तुम्ही बदलापूरहून लोकलने येता, म्हणजे तुमचा उभं राहण्याचा हिशोब ऑफिसात सुरूच होत नाही. सकाळी ओट्यापाशी डबा करताना उभं, फलाटावर उभं, मग गाडीत तासाभराहून जास्त उभं, तेही धक्के सांभाळत. परतताना फोर्थ सीट, म्हणजे तिघांच्या बाकावर चौथ्याने टेकायची जागा, मिळाली तर नशीब. घरी आल्यावर पुन्हा ओटा. बसून राहू नका हा सल्ला दिवसभर खुर्चीत असणाऱ्यांसाठी आहे. इतकं उभं राहून आलेल्या माणसाने ऑफिसात पोहोचल्यावर पहिला तासभर हक्काने बसावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

ब्रिटनमधल्या तज्ज्ञांनी 2015 साली ऑफिसकामासाठी सांगितलं होतं ते दिवसाकाठी उभं राहणं आणि हलकं चालणं मिळून 2 तास, हळूहळू वाढवत 4. सलग नव्हे, तुकड्यातुकड्यांत. सिडनी विद्यापीठाच्या संशोधकांनी 2024 मध्ये ब्रिटनमधल्या 83 हजार लोकांची माहिती तपासली, तेव्हा नुसत्या उभं राहण्याने हृदयविकार कमी झालेला दिसला नाही. उलट 2 तासांच्या पुढे, दर वाढीव अर्ध्या तासामागे शिरा फुगण्यासारख्या रक्ताभिसरणाच्या तक्रारींचा धोका सुमारे 11 टक्क्यांनी जास्त आढळला. वजन उतरेल ही आशाही सोडा. बसण्यापेक्षा उभं राहण्यात तासाला जेमतेम 9 कॅलरी जास्त जळतात, एका ग्लुकोज बिस्किटात याहून जास्त असतात.

उद्यापासून वीस-पंचवीस मिनिटं उभं राहिलात की बसा. उभं असताना एक पाय आळीपाळीने थोडा उंच ठेवा. प्रिंटर कागदाची दोन पाकिटं पुरतात, कंबरेला लगेच फरक जाणवतो. अधूनमधून टाचा उचलून दहा-पंधरा वेळा वरखाली व्हा. टेबल कोपराच्या उंचीला हवं आणि लॅपटॉपचा पडदा वर, नाहीतर कंबर सुटेल आणि मान धरेल. चपला काढून गार फरशीवर उभं राहायची सवय अनेकींना असते, ती मोडा. घरी झोपण्यापूर्वी दहा-पंधरा मिनिटं पाय उशीवर उंच ठेवा.

तुमच्याकडे निदान टेबल खाली करायचं बटण आहे. दारातल्या सुरक्षारक्षकाकडे किंवा मॉलमधल्या विक्रेतीकडे तेही नसतं. उभ्याने काम करणाऱ्यांसाठी बसायची सोय हवी, हे 1948 च्या कारखाना कायद्याच्या कलम 44 मध्ये होतं. दुकानांतल्या कामगारांना तो हक्क केरळने 2018 मध्ये आणि तमिळनाडूने 2021 मध्ये दिला. तुमच्या एचआरशी बोलाल तेव्हा त्या रक्षकासाठीही एक स्टूल मागा.

सकाळी उठल्यावर पहिल्याच पावलाला टाचेत कळ येत असेल तर तळव्याच्या पट्ट्याला सूज असू शकते. त्याचे व्यायाम वेगळे, ते प्रत्यक्ष दाखवून शिका. कंबरेतून पायात मुंग्या किंवा बधिरपणा उतरत असेल तर तपासून घ्या. आणि एकाच पायाची पोटरी अचानक सुजली, गरम लागली, दुखू लागली तर तेल लावून चोळू नका. शिरेत गुठळी असू शकते, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. सोबत दम लागत असेल किंवा छातीत दुखत असेल तर थेट हॉस्पिटलमध्ये जा.