पाण्याची धास्ती आणि उडालेली झोप

प्रश्न : मी मानखुर्दच्या वस्तीत राहते आणि चार घरची धुणीभांडी करते. आमच्या गल्लीत नळ नाही. पहाटे उठून पलीकडच्या गल्लीतून विकतचे पाणी भरावे लागते. ते चुकेल या धास्तीने रात्रभर डोळा लागत नाही, छातीत धडधडते, मुलांवर उगाच हात उगारला जातो. एका शिबिरात ‘मन खंबीर करा, ध्यान करा’ असे सांगितले. माझेच मन कच्चे आहे का?
– एक वाचक

उत्तर : ताई, तुमचे मन कच्चे नाही. उद्या पाणी मिळेल की नाही या घोरात रोज अंथरुणाला पाठ टेकणाऱ्या माणसाचे शरीर झोपेतही सावध राहते; धडधड आणि चिडचिड त्यातूनच येते. तरीही धडधडीमागे रक्तक्षय किंवा थायरॉईडही असू शकतो, म्हणून आधी महापालिकेच्या दवाखान्यात तपासून घ्या. मनातले बोलायचे असेल, तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र विनामूल्य बोलता येते. त्यासाठी जीव नकोसा होईपर्यंत थांबू नका.

ध्यानाने बरे वाटत असेल तर जरूर करा, पण नळ नसण्यावर तो उपाय नव्हे, आणि सक्षमीकरणाच्या नावाखाली बायकांना केवळ सोसायला शिकवणे मला अन्यायाचे वाटते. वस्त्यांतल्या पाण्यासाठी लढणाऱ्या पाणी हक्क समितीच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१४ मध्ये स्पष्ट केले, की झोपडी अनधिकृत असली तरी तिथल्या माणसांना पाणी नाकारता येत नाही, कारण पाणी हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. तेव्हा गल्लीतल्या कुटुंबांनी मिळून महापालिकेच्या एम-पूर्व विभाग कार्यालयात सामायिक नळजोडणीसाठी अर्ज करा आणि त्याची पोच जपून ठेवा.

एकत्र येण्याचे बळ मुंबईने पाहिले आहे. १९८६ मध्ये भायखळ्याच्या पदपथांवर राहणाऱ्या बायकांनी ‘महिला मिलन’ ही आपली संघटना उभी केली. त्यांच्यात रोज थोडी थोडी बचत गोळा होई. त्या निमित्ताने एकमेकींच्या दारात जाणे होई आणि कोणाच्या घरी काय अडचण आहे, तेही कळे. नुसत्या पैशापेक्षा हे रोजचे विचारणे मला मोलाचे वाटते.

मात्र पाठपुराव्याचा सगळा भार एकट्या अंगावर घेऊ नका, नाहीतर खाडे तुमचेच होतील. कार्यालयात जाण्याच्या पाळ्या लावा, आणि जिची पाळी असेल तिच्या घरचे पाणी त्या दिवशी बाकीच्यांनी भरावे, हे आधीच ठरवून घ्या.